अंक दाखविणारे जुने दिवे

'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण मराठवाड्यांत पुष्कळांच्या तोंडीं असते. सोन्याचा तो पाळणा आज लोखंडाचा झाला आहे. शहराच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या भट्ट्या आहेत. ठिकठिकाणचें भंगार तेथें येऊन वितळतें आणि त्याच्या सळया होऊन लोकांच्या घरांच्या छतांत जातात. आलेलें लोखंड मूळचें कशाचें, याची चौकशी भट्टी करीत नाहीं. मोडका नांगर, मोटारीचा सांगाडा, गिरणीचें चाक आणि एखाद्या प्रयोगशाळेंतून निघालेली करड्या रंगाची पत्र्याची पेटी, या सर्वांची गति एकच. नांगराविषयीं व चाकाविषयीं हळहळण्याचें विशेष कारण नाहीं. तसे नांगर आणि तशीं चाकें पुष्कळ आहेत. परंतु त्या करड्या पेटीच्या दर्शनी भागांत कधीं कधीं कांचेच्या पांच-सहा लहान कुप्या ओळीनें बसविलेल्या असतात. पेटी भट्टीपर्यंत पोंचण्याच्या आधींच, ढिगावर फेंकतांना, त्या फुटून जातात. या कुप्या काय होत्या, आणि जगांत ठिकठिकाणीं कांहीं माणसें त्या जिवापाड जपून कां गोळा करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बाहेरून पाहतां ही कुपी जुन्या रेडिओंतील व्हॉल्वसारखी दिसते. फरक असा कीं, रेडिओच्या व्हॉल्वमध्यें तापून लाल होणारी तार असते आणि या कुपींत तापणारें असें कांहीं नसतें. आंत पातळ धातूचे दहा अंक, शून्यापासून नवापर्यंत, एकामागें एक उभे केलेले असतात. त्यांच्या पुढें एक बारीक जाळी असते, तें धनाग्र. दहा अंक हीं दहा स्वतंत्र ऋणाग्रें. कुपींतील हवा काढून घेऊन तींत निऑन वायु, किंचित् आर्गन मिसळून, अगदीं कमी दाबानें भरलेला असतो. जाळी आणि एखादा अंक यांच्यामध्यें सुमारें १७० व्होल्टचा दाब दिला कीं त्या अंकाच्या भोंवतालचा वायु प्रकाशूं लागतो. धातु स्वतः पेटत नाहीं. तिच्या अंगाला लपेटून नारिंगी प्रकाशाचा एक पातळ पदर उभा राहतो, आणि काळोखांत पाहणाराला तो अंक हवेंत तरंगत असल्यासारखा भासतो. दुसरा अंक दाखवावयाचा झाला कीं पहिल्याचा प्रवाह बंद करून दुसऱ्याला द्यावयाचा. सारी करामत एवढीच आहे.

एवढ्याशा करामतींत मात्र विचार पुष्कळ झालेला आहे. दहा अंक एकामागें एक ठेवावयाचे, तर पुढचा अंक मागच्याला झांकणार. म्हणून ते शून्य, एक, दोन अशा क्रमानें न लावतां, कोणता अंक कोणत्या अंकाच्या आड कमीत कमी येतो हें पाहून लावीत. त्यामुळें संख्या बदलत असतांना अंक कधीं पुढें आल्यासारखा तर कधीं आंत गेल्यासारखा दिसतो, आणि संग्राहकांना हीच हालचाल सर्वांत अधिक मोहविते. अंकांचीं वळणेंहि कारखान्या-कारखान्यांचीं निराळीं. सोव्हिएट रशियांत निघालेल्या 'इन-१२' आणि 'इन-१४' या जातींत पांचाचा वेगळा सांचाच केलेला नाहीं; दोनाचा आंकडा उलटा बसवून त्यालाच पांच म्हटलें आहे. इंग्रजी दोनाचा आंकडा उलटा धरून पाहिला म्हणजे ही काटकसर कशी साधली तें ध्यानांत येईल. पाटीवर असा पांच काढणाऱ्या मुलाला गुरुजींनीं तो पुसावयास लावला असता. परंतु आज कुपी कोणत्या देशांतली हें ओळखण्याची ती एक खूण होऊन बसली आहे.

यंत्रानें मोजलेली संख्या माणसाला कशी दाखवावी, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर फार निकडीचा झाला. तोंपर्यंत मापनाचीं बहुतेक यंत्रें कांट्यानें बोलत. कांटा दोन रेघांच्या मध्यें थांबला तर तो अलीकडचा धरावा कीं पलीकडचा, हें पाहणाराच्या डोळ्यावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून असे. पदार्थविज्ञानाचें प्रात्यक्षिक ज्यानें केलें आहे त्याला ही गोष्ट ठाऊक आहे. अपेक्षित उत्तर आधीं माहीत असलें म्हणजे कांटा कोणत्या बाजूला झुकलेला दिसतो, हेंहि त्याला ठाऊक आहे. अणूंतून निघणाऱ्या किरणांची मोजणी करणाऱ्या यंत्राला तर कांटा पुरेनाच, कारण तेथें सेकंदाला हजारों ठोके मोजावयाचे असत. प्रथम शून्य ते नऊ हे अंक उभ्या ओळींत लिहून प्रत्येकामागें एकेक लहान दिवा ठेवण्याची युक्ति निघाली. अशा सहा ओळी शेजारीं शेजारीं असल्या म्हणजे सहा आंकडी संख्या वाचतां येई. पण वाचणाराची नजर शिडीवरून चढउतार करीत राही. कोणीं पारदर्शक तक्त्यांवर अंक कोरून त्यांच्या कडेनें प्रकाश सोडला. तेंहि कांहीं काळ चाललें.

प्रकाशणारा अंक कुपींत बसविण्याची कल्पना १९३० नंतरच्या दशकांतच पेटंटांत नमूद झाली होती. पण ती बाजारांत रुजली १९५५ सालीं. अमेरिकेंत हायडू बंधूंची, नळ्या तयार करणारी एक लहान कंपनी होती. बेरजेच्या यंत्रांबद्दल प्रसिद्ध असलेल्या बरोज कंपनीनें ती विकत घेतली आणि ही कुपी 'निक्सी' या नांवानें विक्रीस आणली. नांवाची कथा अशी सांगतात कीं, नकाशे काढणाऱ्या कारकुनानें कागदावर 'प्रायोगिक अंकदर्शक, क्रमांक एक' याचीं इंग्रजी आद्याक्षरें लिहिलीं होतीं. क्रमांकाचा रोमन आंकडा अक्षरासारखा वाचला गेला आणि सर्वांचें मिळून 'निक्सी' झालें. युरोपांतील लोककथांत जलपरीलाहि हेंच नांव आहे, त्यामुळें तें लोकांच्या जिभेवर चटकन बसलें असावें. १९६१ सालीं लंडनच्या बेल पंच कंपनीनें 'अनिता' या नांवाचें, टेबलावर ठेवण्याचें गणनयंत्र काढलें. फिरणाऱ्या चाकांवांचून गणित करणारें तशा प्रकारचें तें पहिलें यंत्र. त्याचें उत्तर याच जातीच्या कुप्यांत उमटत असे. हें नांव मराठी घरांत मुलीला शोभणारें असलें, तरी तेंहि इंग्रजी आद्याक्षरांचेंच बनलेलें आहे.

भारतांत या विद्येची एक मोठी शाळा मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें भरली. १९५६ सालीं तेथें 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. अणुसंशोधनाला लागणारीं इलेक्ट्रॉनिक उपकरणें तेथेंच बनूं लागलीं, आणि त्या कामांतूनच १९६७ सालीं हैदराबादेस 'इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया' ही सरकारी कंपनी निघाली. जालना ज्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला हें ठिकाण. त्या पिढीचीं मोजणीयंत्रें, व्होल्टमापकें, कंपनें मोजणारीं उपकरणें देशोदेशींच्या महाविद्यालयांत आणि कारखान्यांत वीस वीस, तीस तीस वर्षें राबलीं. पुढें त्यांच्या जागीं नवीं आलीं, आणि जुनीं कपाटाच्या माथ्यावर गेलीं.

तो बदल फार वेगानें घडला. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं लाल प्रकाश देणारा अर्धवाहकाचा कण तयार केला. १९६७ सालीं जपानांत तादाशी नाकामुरा यांनीं हिरवट निळा अंक दाखविणारी नळी काढली. १९७२ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचें खिशांत मावणारें गणनयंत्र लाल अंकांसह बाजारांत आलें. या नव्या दिव्यांना दीडदोनशें व्होल्ट नकोत. दहा वर्षांच्या आंत अमेरिकेंत व पश्चिम युरोपांत निक्सी मागें पडली. सोव्हिएट रशियांत मात्र ती जवळ जवळ ते राज्य मोडेपर्यंत तयार होत राहिली. आज घड्याळें करणारे जे हौशी लोक आहेत त्यांचा पुष्कळसा साठा तेथल्या गोदामांत न वापरतां राहिलेल्या मालांतून आलेला आहे.

येथें सात रेघांच्या आंकड्याविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे, कारण जुन्या कुपीचें खरें मोल त्याच्या शेजारीं ठेवल्यावांचून कळत नाहीं. जालन्याच्या मोंढ्यांत सोयाबीनचें पोतें घेऊन आलेला शेतकरी वजनकाट्यावरील ज्या लाल आंकड्याकडे डोळे लावून उभा असतो, तो आंकडा सात आंखूड रेघांचा बनलेला असतो. त्या रेघांपैकीं कांहीं पेटवल्या कीं हवा तो अंक तयार होतो. सातहि पेटवल्या कीं आठ होतो. युक्ति जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच तिचीं पेटंटें निघालीं होतीं. ती स्वस्त आहे, सोयीची आहे, आणि तिनें जग जिंकलें. पण तींत एक दोष आहे. एखादी रेघ बिघडून विझली, तर अंक नाहींसा होत नाहीं. तो दुसराच अंक होतो. आठाची मधली रेघ गेली तर शून्य उरतें. उजवीकडची वरची गेली तर सहा. डावीकडची खालची गेली तर नऊ. नवाची डावीकडची रेघ विझली तर तीन होतो. सातावरची आडवी रेघ गेली तर एक उरतो. हे सारे अंक दिसावयास निर्दोष असतात, आणि पाहणाराला शंका येण्याचें कांहीं कारण राहत नाहीं. कित्येक काटे सुरू करतांच क्षणभर सगळीकडे आठ आठ दाखवितात, त्याचें मर्म हेंच आहे. तो क्षण वाया गेलेला क्षण समजून पुष्कळ लोक त्या वेळीं पोतें चढविण्याच्या गडबडींत असतात. वस्तुतः काट्याची परीक्षा घेण्याची वेळ तीच. ज्या आठांत एक जरी रेघ काळी दिसली, त्याच्यावर माल तोलूं देऊं नये.

निक्सीला अशा रीतीनें खोटें बोलतांच येत नाहीं. तिच्यांतील आठाची जोडणी तुटली तर आठाच्या ठिकाणीं काळोख दिसेल. झिजलेला अंक अर्धा उजळेल किंवा ठिगळांसारखा दिसेल. दोन अंक एकत्र पेटले तर ते एकमेकांत गुंतलेले दिसतील. ती बिघडते, आणि बिघडल्याचें सांगते. आठाला सहाचा वेष मात्र ती कधीं घेत नाहीं, कारण तिच्यांत प्रत्येक अंक संपूर्ण, स्वतंत्र, एकदांच घडविलेला आहे. तिच्या प्रकाशाची ऊब, तिचें रूप यांविषयीं संग्राहक फार बोलतात. हा गुण त्यांच्या बोलण्यांत क्वचित् येतो.

अंक संपूर्ण घडविलेला असल्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो मराठी वाचकाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. तारेला वाटेल तें वळण देतां येतें. सोव्हिएट कुप्यांच्या 'इन-१५' या जातींत अंकांऐवजीं अधिक, उणें, टक्के आणि विद्युन्मापनाचीं अक्षरें आहेत. ज्या कारागिराला ओहमचें ग्रीक चिन्ह तारेचें करतां येतें, त्याला देवनागरी ४ किंवा ९ करणें मुळींच कठीण गेलें नसतें. सात रेघांच्या चौकटींत मात्र देवनागरी ४ ची गांठ बसत नाहीं, ५ चें वळण बसत नाहीं, ८ ची तिरपी रेघ बसत नाहीं. जालन्याच्या जुन्या पिढीनें तीन तऱ्हेचे अंक पाहिले होते: निजामी राजवटींतील सरकारी दफ्तरांत उर्दू, व्यापाऱ्याच्या वहींत मराठी, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेले इंग्रजी. १९४८ सालीं ती राजवट गेली. पुढें राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमानें केंद्राच्या कारभारासाठीं 'भारतीय अंकांचें आंतरराष्ट्रीय रूप' ठरवून दिलें, आणि तें नांव ऐतिहासिक दृष्टीनें अगदीं यथार्थ आहे, कारण जगभर चालणारे ते अंक मुळांत भारतांतूनच गेलेले आहेत. तरी काट्यावरून, मीटरवरून, पंपावरून मराठी अंक नाहींसे होण्याला घटनेपेक्षां या सात रेघाच अधिक कारण झाल्या असाव्यात. आतां ठिपक्यांच्या फलकांनीं हा अडथळा दूर केला आहे. रेल्वेच्या फलाटावर प्रकाशाच्या ठिपक्यांनीं काढलेलीं मराठी नांवें रोज दिसतात. मधल्या काळांत मात्र एक अख्खी पिढी यंत्रावर मराठी आंकडा न पाहतां वाढली.

संग्रह करणाऱ्या माणसाला हा सर्व इतिहास हातांत धरतां येतो. म्हणून त्याच्या छंदाला केवळ वेड म्हणून हंसूं नये. महाराष्ट्राला असें वेड नवें नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता लिहीत. लोक ज्या वस्तु अडगळींत टाकीत, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविल्या: दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें, दरवाजे. अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवानें त्यांनीं त्या संग्रहाला 'राजा' हें नांव दिलें, आणि तो पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयांत समया आहेत, लामणदिवे आहेत, नाना घाटांचे दिवे आहेत. समईनें घर दाखविलें आणि निक्सीनें संख्या दाखविली. दोन्ही दिवेच, आणि दुसऱ्याचें आयुष्य पहिलीच्या मानानें अगदींच तोकडें ठरलें.

परंतु जमविण्यालाहि एक रीत असावी लागते, आणि येथेंच या छंदाची काळी बाजू लागते. सहा कुप्यांचें एक जुनें मोजणीयंत्र सबंध विकावयास काढलें तर त्याला थोडें मोल येतें. त्याच्या सहा कुप्या उपटून वेगळ्या विकल्या तर अधिक येतें, कारण घड्याळ करणाऱ्यांना यंत्र नको असतें, कुप्या हव्या असतात. परिणाम असा होतो कीं, जें यंत्र भंगाराच्या ढिगांतून वांचलें, तें हौशी माणसाच्या टेबलावर मोडलें जातें. चालू स्थितींतील यंत्र फोडून त्याच्या कुप्या दिवाणखान्यांतील घड्याळांत बसविणें म्हणजे कळसासाठीं देऊळ पाडण्यासारखें आहे. भट्टीवाल्याला दोष देतां येत नाहीं. तो लोखंड विकत घेतो आणि लोखंड वितळवितो. संग्राहक मात्र जाणून सवरून करतो. मोडकें, जळलेलें, पुन्हां उभें न राहणारें यंत्र असेल तर त्याच्या कुप्या काढून वांचविणें हें पुण्य. चालतें यंत्र असेल तर त्याला हात लावूं नये. दोहोंच्या मधलीं प्रकरणें पुष्कळ असतात, आणि तेथें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावें लागतें.

सबंध यंत्र राखल्यानें काय साधतें, याचें एक उदाहरण इंग्लंडांतलें आहे. हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रांत १९५१ सालीं एक गणकयंत्र सुरू झालें. त्याची स्मृति 'डेकाट्रॉन' नांवाच्या ८२८ नळ्यांची होती. डेकाट्रॉन ही निक्सीची थोरली बहीण. तिच्यांत अंक नसतात, गोलाकार मांडलेल्या दहा टोंकांपैकीं एकावर नारिंगी ठिपका असतो, आणि प्रत्येक ठोक्यासरशीं तो एक घर पुढें सरकतो. ठिपका कोठें आहे यावरून अंक ओळखावयाचा. यंत्र अतिशय संथ होतें, पण चुकत नसे, आणि दिवसरात्र राखणीवांचून चालत राही. १९५७ सालीं तें वुल्व्हरहॅम्प्टनच्या महाविद्यालयाला मिळालें. १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. मग तें सुटें करून एका कोठारांत ठेवलें गेलें आणि विस्मरणांत गेलें. तें कोणी भंगारांत घातलें नाहीं, एवढेंच त्याचें दैव. २००९ सालीं त्याचा पत्ता लागला, जाणकारांनीं तें ब्लेचले पार्कच्या संगणक-संग्रहालयांत पुन्हां जोडलें, आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत तें पुन्हां चालूं लागलें. त्या ८२८ नळ्या कोणीं एकेक करून विकल्या असत्या, तर आज त्या ८२८ माणसांच्या कपाटांत असत्या, आणि यंत्र कोठेंच नसतें.

आपल्याकडे असें एखादें यंत्र सांपडण्याची जागा म्हणजे शाळा-महाविद्यालयांची अडगळीची खोली. सरकारी भाषेंत एक नोंदवही असते. तिला 'जडवस्तुसंग्रह नोंदवही' म्हणतात. प्रत्येक वस्तु केव्हां, कोणाकडून, किती रुपयांना घेतली तें तींत लिहिलेलें असतें. वस्तु निकामी ठरली कीं तिचें 'निर्लेखन' होतें, लिलाव होतो, आणि नोंदीवर तांबडी रेघ पडते. बाबूंच्या या वहीला कोणी संग्रहालयाची सूची म्हणणार नाहीं, पण संग्राहकाला तिच्या एका ओळींत जें मिळतें तें कुपीच्या अंगावरील छापांत मिळत नाहीं. कुपीवर कारखान्याचें नांव आणि जात असते. ती कोणत्या गांवीं, कोणत्या कामाला, किती वर्षें जळली, हें फक्त तेथें असतें. लिलावांतून पेटी घेणाऱ्या माणसानें त्या ओळीची नक्कल मागून घ्यावी. ती मागणारा क्वचितच भेटतो, म्हणून बहुधा नकारहि मिळत नाहीं.

मिळालेल्या कुपीचें पुढें काय करावें, यावर संग्राहकांत दोन पक्ष आहेत. ती कापसांत गुंडाळून ठेवावी म्हणजे झिजणार नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. दिवा जळण्यासाठीं असतो, असें दुसरा. झीज तर खरी आहे. अगदीं आरंभींच्या कुप्यांचें आयुष्य सुमारें ५,००० तासांचें होतें, म्हणजे अखंड जळत ठेवल्यास सात महिनेहि पुरे नाहींत. पुढें आंत किंचित् पारा घालण्याची युक्ति सांपडली आणि शेवटच्या चांगल्या जातींचें आयुष्य २,००,००० तासांपर्यंत गेलें. त्याचीं बावीस वर्षें होऊन वर कांहीं महिने उरतात. नव्या कुप्या आज अगदींच होत नाहींत असें नाहीं. झेक देशांत दालिबोर फार्नी यांनीं कित्येक वर्षें खपून ही कला पुन्हां हस्तगत केली आणि ते हातानें कुप्या तयार करतात. पण त्या थोड्या आणि महाग. जुनी कुपी फुटली कीं तिच्या पाऱ्याला हात लावूं नये, आणि जळत्या कुपीच्या तारांना तर मुळींच नाहीं. १७० व्होल्टचा झटका हा खेळ नव्हे.

परंतु झीज हें अर्धेंच दुखणें झालें. वायूचे कण जळत्या अंकावर सतत आदळत असतात, आणि त्या आघातानें धातूचे सूक्ष्म अणु उडून शेजारच्या, न जळणाऱ्या अंकांवर बसतात. फार दिवस न पेटविलेल्या अंकावर असा थर सांचला कीं पुढें तो पेटतांना अर्धवट पेटतो. इंग्रजींत याला ऋणाग्राची विषबाधा म्हणतात. म्हणजे एकच अंक जळत ठेवला तर तो स्वतः झिजतो आणि शेजारच्या नवांना बाधतो.

घड्याळांत हें फार लौकर घडतें, आणि त्याचें गणित सोपें आहे. चोवीस तासांच्या घड्याळांत तासाच्या दशकाच्या जागीं शून्य दहा तास दिसतें, एक दहा तास दिसतो आणि दोन चार तास. तीनापासून नवापर्यंतचे सात अंक त्या कुपींत जन्मभर अंधारांत. मिनिटांच्या दशकाच्या जागीं पांचाच्या वरचे चार अंक तसेच. म्हणून जाणता कारागीर घड्याळांत एक सोय करून ठेवतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर, घरांतलीं सर्व माणसें झोंपलेलीं असतांना, घड्याळ कांहीं मिनिटें वेळ दाखविण्याचें सोडून देतें आणि सर्व कुप्यांत शून्यापासून नवापर्यंतचे अंक पाळीपाळीनें पेटवितें. ज्या अंकांना दिवसा कांहीं काम नसतें त्यांनाहि तेवढा वेळ उजेड मिळतो, त्यांच्यावर बसलेला थर झडून जातो, आणि मग घड्याळ पुन्हां दोन वाजून किती मिनिटें झालीं तें सांगूं लागतें.